तुरटीच्या खड्याचे कोपरे कापले जातात ते कशामुळे? (बोअरचं पाणी आणि स्फटिकांचे आकार)

पेवकरीण:
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुरटीचे स्फटिक करायचं ठरलं. दुकानातून एकच मोठा खडा आणला, फोडला आणि दोन बरण्यांत विरघळवला. एका बरणीत आरओचं पाणी, दुसरीत आमच्या मळ्यातल्या बोअरचं. मळा पलूसकडे, नदीकाठाला. खालच्या अंगाची पट्टी क्षारपड झालेली, उन्हाळ्यात मातीवर पांढरं फुटतं. दोन्ही बरण्या एकाच फळीवर, वर एकच फडकं.

आरओच्या बरणीतले खडे पुस्तकात दाखवतात तसे आले: दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडलेले, आठ त्रिकोणी बाजू, टोकं धारदार. बोअरच्या बरणीतल्या खड्यांना टोकंच नाहीत. प्रत्येक कोपरा छाटलेला आणि तिथं एक छोटा गुळगुळीत चौकोन. लेकीच्या बाई म्हणाल्या, "पाण्यातल्या अशुद्धीमुळे." पण अशुद्धी आत अडकली असती तर खडा गढूळ दिसला असता ना? हे तर आरपार स्वच्छ आहेत. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजतं ते) बोअरचं पाणी बाराशेच्या वर जातं. पदार्थ तोच, मग आकार का बदलावा?

कडकनाथ_कडेगाव:
बोअरच्या पाण्यानं आमच्या डोक्यावरचे केस नेले, तुम्ही तुरटीचे कोपरे काय घेऊन बसलाय ताई.

थोसेघर:
पाण्याचा काही संबंध नाही असं माझं मत. स्फटिक सावकाश वाढला की बाजू नीट येतात, घाईनं वाढला की वेडावाकडा येतो. तुमच्या एका बरणीतलं पाणी भराभर उडालं असेल. तोंड मोठं असेल तिचं.

पेवकरीण:
थोसेघर, बरण्या लोणच्याच्या, एकाच मापाच्या. आणि वेडेवाकडे नाहीत हो! चौकोन अगदी नेमके आहेत, सहा कोपऱ्यांना सहा.

काळापाषाण:
छान निरीक्षण. मी भूशास्त्र शिकवतो, जरा लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. बाजूंमधले कोन ही एक गोष्ट, आणि कोणती बाजू किती मोठी हे दुसरी. कोन पदार्थाच्या आतल्या रचनेनं ठरतात, त्यांना जगातलं कुठलंच बोअर हलवू शकत नाही. डेन्मार्कच्या स्टेनोनं १६६९ मध्ये क्वार्ट्झबद्दल (गारगोटीच्या स्फटिकांबद्दल) हे मांडलं आणि रोमे द लिल या फ्रेंच माणसानं १७८३ मध्ये पुष्कळ खनिजांचे कोन मोजून नियम पक्का केला. गंमत अशी, की साधं मीठ लघवी असलेल्या पाण्यातून वाळवलं तर घनाऐवजी आठ बाजूंचे खडे येतात, हेही त्याच काळात त्याच माणसानं नोंदवलं. त्यामागचा कर्ता म्हणजे युरिया. म्हणजे तुमच्या लेकीचा प्रश्न सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे.

आता दुसरी गोष्ट, बाजू लहानमोठी कशी होते. इथं आपली समजूत उलटी असते. आपल्याला वाटतं, जी बाजू भरभर वाढते ती मोठी होणार. घडतं नेमकं उलट. कागदावर चौरस काढा, त्याचा एक कोपरा तिरका कापा. आता सगळ्या बाजू बाहेरच्या दिशेनं सरकवत न्या, पण तिरकी रेघ इतरांपेक्षा बरीच वेगानं सरकवा. दरवेळी ती आखूड होत जाईल आणि शेवटी टोकात नाहीशी होईल. वेगानं वाढणारी बाजू स्वतःला संपवते. जी रेंगाळते ती पसरते. स्फटिक हातात घेतल्यावर दिसतात त्या सगळ्या रेंगाळलेल्या बाजू.

म्हणून पाण्यात विरघळलेल्या दुसऱ्या क्षाराला खड्याच्या आत शिरायची गरजच नाही. एखाद्या ठरावीक बाजूवर चिकटून तिची वाढ मंद केली, की ती बाजू आपोआप मोठी दिसते. खडा स्वच्छच राहतो.

मंद कशी करतो? स्फटिकाचा पृष्ठभाग सपाट दिसला तरी त्यावर अणूएवढ्या उंचीच्या पायऱ्या असतात. नवे कण येऊन बसतात ते मुख्यतः पायरीच्या अर्धवट ओळीच्या टोकाशी. संगम माहुलीच्या घाटाचं बांधकाम चालू आहे असं समजा: गवंडी ओळीच्या शेवटाला एकेक दगड लावत पुढं चाललाय, आणि मध्येच कुणी बोचकं घेऊन पायरीवर बसलं. एकटाच असेल तर ओळ त्याला वळसा घालून पुढं जाते. जवळजवळ दहाजण बसले तर दोघांच्या मधून ओळ सरकूच शकत नाही, सगळी पायरी अडते. या अडवणुकीचं गणित काब्रेरा आणि व्हर्मिलिया यांनी १९५८ मध्ये मांडलं. म्हणून परका कण अगदी थोडा असला तरी परिणाम मोठा होऊ शकतो, आणि म्हणूनच निव्वळ टीडीएसचा आकडा इथं फारसं काही सांगत नाही. किती क्षार, यापेक्षा कोणता क्षार हा प्रश्न महत्त्वाचा.

वाढ_दिवस_ऊस:
सर, पण परका कण एकाच बाजूला का चिकटतो? सगळीकडं का नाही?

काळापाषाण:
कारण प्रत्येक बाजूला वेगळे अणू उघडे पडलेले असतात. मिठाचंच घ्या. घनाच्या बाजूवर सोडियम आणि क्लोरिन बुद्धिबळाच्या पटावरच्या घरांप्रमाणे आलटून पालटून, विद्युतभार एकमेकांना फेडणारे. अष्टफलकाच्या, म्हणजे आठ बाजूंच्या खड्याच्या, बाजूवर मात्र एक थर नुसता सोडियमचा, पुढचा नुसता क्लोरिनचा. असा भारित थर शुद्ध पाण्यात अस्वस्थ असतो, पटापट झाकला जातो, म्हणून ती बाजू संपते आणि घन उरतो. युरियाच्या रेणूला एक टोक ऋण, एक धन. तो या भारित थराला धरून बसतो, थर शांत होतो, वाढ मंदावते. अष्टफलक उरतो.

तुरटीचं उलटं. शुद्ध पाण्यात तिची अष्टफलकाची बाजू सर्वांत मंद. आम्लधर्मी द्रावणात थोडी अल्कली घातली की ॲल्युमिनियमचे काही आयन पाण्यातल्या हायड्रॉक्साइडला धरून वेगळं रूप घेतात आणि घनाच्या बाजूंची वाढ मंदावते. पेवकरीणताईंना दिसलेले चौकोन म्हणजे या घनाच्याच बाजू, नुकत्या डोकं वर काढलेल्या. अल्कली पुरेशी असेल तर पूर्ण घन मिळतात. जुन्या युरोपात अशी घनाकार तुरटी रोमन तुरटी म्हणून ओळखली जायची, इटलीत तोल्फाच्या खाणींच्या दगडापासून केलेली.

आपल्या बेसाल्टमधल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट भरपूर असतात. क्षारपड पट्ट्यात त्यात सोडियमची भर. बायकार्बोनेट म्हणजे अल्कलीच. माझा अंदाज: तुमचे कोपरे त्यानं छाटले.

थोसेघर:
अंदाज ना सर? मग माझाही अंदाजच. वेगाचा परिणाम होत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?

काळापाषाण:
मुळीच नाही. वेग फार वाढला तर कोपऱ्यांना खाद्य जास्त मिळतं, मधला भाग मागं पडतो. मिठाच्या खड्यांत मधोमध खळगा पडतो तो असाच. आणखी घाई झाली तर नेच्याच्या पानागत फांद्या फुटतात. पण नेमक्या कोनातला सपाट चौकोन घाईनं येत नाही. घाईनं बाजू बिघडतात, नवी नेटकी बाजू सहसा कुणामुळं तरी येते.

आणि तपासणं सोपं आहे. आरओच्या पाण्यातल्या तुरटीच्या दोन बरण्या घ्या. एकीत धुण्याच्या सोड्याचं पातळ पाणी थेंब थेंब घालत ढवळा. फसफसेल, पांढरा जेलीसारखा साका येईल आणि विरघळेल. तो विरघळेनासा झाला की थांबा, गाळा, आणि उकळू न देता तसंच ठेवा. दुसरीत चमचाभर साधं मीठ. पहिलीत चौकोन आले आणि दुसरीत आले नाहीत, तर खारटपणाचा दोष नाही, अल्कलीचा आहे. सोड्याऐवजी सवागी (बोरॅक्स) चालते, सोनाराकडं किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळेल.

पॅनमन_वाळवा:
मी साखर कारखान्यात पॅनवर होतो, म्हणजे रस शिजवून साखरेचा दाणा पाडतात त्या भांड्यावर, आता घरीच. वरचं वाचून आमचं सगळं आठवलं. ऊस तोडून वेळेत गाळपाला आला नाही, उन्हात पडून राहिला, की त्यात जंतू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. रस चिकट होतो हे सगळ्यांना दिसतं. पण पॅनमध्ये दाणा बघायचो ना आम्ही काचेवर, तो लांबट यायला लागायचा. दाण्याची एका बाजूची वाढ थांबते आणि दुसरीकडनं ताणतो. असला दाणा सेंट्रिफ्युगलमध्ये मळी नीट सोडत नाही, धुवायला पाणी जास्त लागतं, आणि धुतलं की साखर परत विरघळते. केमिस्ट प्रयोगशाळेतनं सांगायच्या आधी आम्हाला काचेवरनं कळायचं की आजच्या गाड्या शिळ्या आहेत.

डेक्स्ट्रान काय क्षार नव्हे, पण गोष्ट तीच. क्षारांचं सांगायचं तर रसातलं पोटॅशियम. ते दाण्याचा आकार बिघडवण्यापेक्षा साखर मळीत धरून ठेवतं. कितीबी शिजवा, तेवढी साखर दाण्यावर बसत न्हाई. क्षारपड रानातला ऊस आला की हे जास्तच.

गुळव्याचा_नातू:
+१. आजोबांचं गुऱ्हाळ होतं कराडजवळ. क्षारपडीतला ऊस असला की काहिलीत चाचणी बघतानाच तोंड वाकडं करायचे. गूळ खारट, रंग काळपट, ढेप कडक बसतच नाही, पावसाळ्यात पाणी सुटतं. चुना किती घालायचा आणि भेंडीचा रस किती, सगळा हिशोब त्या दिवशी वेगळा.

मिरजेचा_कंपाउंडर:
मिरजेचं नाव काढल्याशिवाय धागा पुरा होत नाही म्हणून येतोच. मुतखड्याचंही हेच आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. त्याची दोन रूपं लघवीच्या तपासणीत नेहमी दिसतात. एका रेणूमागं एक पाणी असलेलं, डंबेलसारखं किंवा लंबगोल, हे जास्त त्रासदायक. आणि दोन पाणी असलेलं, वरून बघितलं तर बंद पाकिटासारखं दिसणारं. लघवीतलं सायट्रेट एकीकडं कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि दुसरीकडं काळापाषाण सर म्हणतात तसं स्फटिकाच्या पायऱ्यांवर जाऊन बसतं. डॉक्टर पोटॅशियम सायट्रेटचं औषध देतात त्यामागं हे कारण. लिंबूपाण्यात सायट्रेट असतं, पण लिंबू पिऊन असलेला खडा विरघळेल असं समजून डॉक्टर टाळू नका, एवढं सांगून जातो.

हौसाक्का:
आमच्या गीझरची कॉइल दर वर्षी पांढऱ्या थरानं मरते. तेही यातच बसतं का? दुकानदार एक पावडरीची नळी बसवा म्हणतो, क्षार "मऊ" होतील म्हणे. खरं का खोटं?

काळापाषाण:
हौसाक्का, नळीत पॉलिफॉस्फेट असेल तर तत्त्व खरं आहे. ते पाण्यातलं कॅल्शियम काढत नाही, टीडीएस मीटरवर काही फरक दिसणार नाही. लिटरला काही मिलिग्रॅम एवढंच ते पाण्यात उतरतं आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या कोवळ्या स्फटिकांच्या पायऱ्या अडवतं. थर बसायला उशीर होतो. पण पाणी फार तापलं तर पॉलिफॉस्फेट स्वतःच मोडतं, म्हणून गीझरचं तापमान कमी ठेवलं तरच उपयोग. तुमची नळी कशाची आहे ते मात्र मी इथून सांगू शकत नाही.

कॅल्शियम कार्बोनेटचाच विषय निघाला तर मॅग्नेशियमबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण विरघळलेल्या क्षारानं केलेली सर्वांत मोठी करामत ती आहे. कॅल्शियम कार्बोनेट दोन प्रकारांनी जमतं, कॅल्साइट आणि अरॅगोनाइट. साध्या पाण्यात, साध्या तापमानाला कॅल्साइट जिंकायला हवं, तेच जास्त स्थिर. पण मॅग्नेशियम कॅल्साइटच्या पायऱ्यांवर येतं आणि त्यांना खिळ घालतं. मॅग्नेशियमचा आयन आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू सहजासहजी सोडत नाही, कॅल्शियमच्या तुलनेत हजारपटीहून जास्त वेळ धरून ठेवतो. पाण्याचं वेष्टण न काढता स्फटिकात बसता येत नाही, त्यामुळं सगळी रांग खोळंबते. मॅग्नेशियम थोडं असलं तर कॅल्साइटचे खडे एका दिशेनं लांबट, कडा गोलसर असे येतात. खूप असलं तर कॅल्साइट हरतं आणि सुयांसारखं अरॅगोनाइट वाढतं. आजच्या समुद्रात अणूंच्या संख्येनं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या पाचपट आहे, म्हणून उथळ उबदार समुद्रात आपोआप जमणारा चुना बराचसा अरॅगोनाइटचा. पृथ्वीच्या इतिहासात हे प्रमाण खाली गेलं तेव्हा कॅल्साइटचे समुद्रही होऊन गेले. म्हणजे एका आयनानं सगळ्या महासागराचा चुना बदलला.

वाढ_दिवस_ऊस:
आता माझ्या कामाचं विचारतो. चोपण (सोडियम साठलेल्या) जमिनीला जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, टाकायला सांगतात. आमच्याकडं माती आधीच खारट. त्यात जिप्सम विरघळायचं कसं?

काळापाषाण:
उलट जास्त विरघळतं. शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे अडीच ग्रॅम जिप्सम मावतं. मीठ असलेल्या पाण्यात ही क्षमता वाढत जाते, चांगल्या खारट पाण्यात तिपटीच्या आसपास जाते. कारण भोवती गर्दी केलेले सोडियम-क्लोराइड हे कॅल्शियम आणि सल्फेटला एकमेकांपासून झाकून ठेवतात. हे पायरीवर न चिकटता केलेलं काम आहे: पार्श्वभूमीचे क्षार विद्राव्यता बदलतात आणि आयनांभोवतीच्या पाण्याची पकडही बदलतात. फक्त पाण्यात आधीच सल्फेट भरपूर असेल तर गणित फिरतं, जिप्सम कमी विरघळतं. पाणी तपासताना क्लोराइड आणि सल्फेट वेगळे लिहून मागा. आणि निचरा नसेल तर जिप्समचे पैसे वाया, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

खडू_फळा:
मी शिक्षिका आहे, ताईंच्या लेकीच्या बाई नव्हे. हे प्रदर्शनात मिठावर दाखवता येईल का? तुरटी सगळेच करतात.

काळापाषाण:
येईल, आणि आपल्याकडं तर युरिया घरोघरी पोत्यानं. पण तीन गोष्टी पाळा. एक, पाकिटातलं बारीक मीठ नको. ते ओलसर होऊन गठ्ठे होऊ नयेत म्हणून त्यात फेरोसायनाइड असतं, पाकिटावर ५३६ असा आकडा दिसेल. किलोमागं काही मिलिग्रॅमच, पण त्याचा आयन मिठाच्या पृष्ठभागावरच्या एका सोडियमच्या आणि भोवतीच्या सहा क्लोराइडच्या जागेत बरोब्बर बसतो आणि वाढ अडवतो. खाण्याला ते चालतं, प्रयोगाला नाही. खडे मीठ घ्या, विरघळवून गाळा. दोन, खताचा युरिया निमकोटेड असतो, पाण्यावर तेलकट तवंग येतो. तो कागदानं टिपून घ्या, दोनदा गाळा. तीन, युरिया चिमूटभर पुरत नाही, चांगला सढळ लागतो. मात्र फार झाला तर मीठ, युरिया आणि पाणी मिळून वेगळाच स्फटिक तयार होतो आणि मुलं गोंधळतात. वेगवेगळ्या प्रमाणाच्या पाच-सहा वाट्या ओळीनं मांडा. घनापासून अष्टफलकापर्यंतचा प्रवास ओळीत दिसला तर परीक्षक हलणार नाहीत तिथून.

थोसेघर:
बघा, फेरोसायनाइड मिलिग्रॅममध्ये आणि युरिया सढळ हातानं. दोघांना एकच नियम लावताय?

काळापाषाण:
चांगला चिमटा. फेरोसायनाइड जागेवर घट्ट बसतं, उठत नाही. युरिया सैलपणे बसतो, उठतो, परत बसतो. त्यामुळं पृष्ठभागावर सतत पुरेसे रेणू राहायला द्रावणात पुष्कळ लागतो.

अजिंक्यतारा_खालून:
विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या गारगोट्या निघतात, काही सुयांच्या, काही चौकोनी चकचकीत. त्यांचंही असंच?

काळापाषाण:
तत्त्व तेच, पण तिथं पाणी गरम होतं, वेळ अफाट होता आणि ते पाणी आता आपल्या हातात नाही. लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, पोकळ्या नंतर भरत गेल्या. सुयांची स्कोलेसाइट नावाच्या खनिजाची असू शकतात, चौकोनी चकचकीत ॲपोफिलाइट या दुसऱ्या खनिजाची. पण स्कोलेसाइट मुळात सुईसारखंच वाढतं, त्याला कुणी अडवावं लागत नाही. ॲपोफिलाइट जास्त बोलकं. कुठल्या खाणीत घनासारखं दिसणारं, कुठल्या खाणीत टोकदार. तिथं पाण्याच्या घटकांचा हात असेल, पण तापमान आणि वेगही बरोबर आहेत, त्यामुळं नुसत्या खड्यावरून पाण्याचा पंचनामा करायला मी धजावणार नाही. थोसेघर, इथं तुम्हाला अर्धा गुण.

थोसेघर:
मिळाला, घेतला. पण ताई, एक करून बघा. बोअरच्या बरणीतला चौकोनवाला एक खडा दोऱ्याला बांधून आरओच्या तुरटीच्या पाण्यात सोडा. सरांचं खरं असेल तर चौकोन आक्रसत जाऊन टोकं परत यायला हवीत. माझं खरं असेल तर चौकोन तसेच राहतील.

पॅनमन_वाळवा:
हे झकास. पॅनवर बी असंच, दाणा कुठनं आला यापेक्षा आता कशात उभा आहे ते बघायचं.

पेवकरीण:
सगळ्यांचे आभार. सोड्याच्या बरणीत चौकोन बोअरपेक्षा मोठे आलेत, दोनतीन खडे तर जवळजवळ घनच. मिठाची बरणी अजून वाळतेय, तिच्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही. थोसेघर दादांच्या सांगण्यावरून सोडलेल्या खड्याचे चौकोन लहान झालेत, दोन कोपऱ्यांना टोक आलंय. लेकीनं तक्त्यावर टीडीएसचा रकाना खोडून तिथं "कोणता क्षार?" असं केलंय. बोअरचं पाणी तपासायला दिलंय, बायकार्बोनेटचा आकडा आला की इथं टाकते.

थोसेघर:
आकडा टाकाच. आणि मिठाच्या बरणीचंही. तिच्यात चौकोन आले तर सरांना परत बोलवू.

हौसाक्का:
खडू_फळा बाई, युरियाच्या मिठाच्या वाट्यांवर ठळक लिहा हो. आमच्या घरात असं काही पांढरं ओट्यावर दिसलं तर सरळ भाजीत पडतं.

खडू_फळा:
लिहिते! आणि वाट्या प्रयोगशाळेतल्याच वापरते.